ओकची पाने पिवळी पडत आहेत, तातडीने मदत हवी आहे

पाऊलवाट: घरामागच्या ओकची पाने महिनाभरापासून पिवळी पडून गळत आहेत. रोज संध्याकाळी पाणी देते, गेल्या आठवड्यात ते दुप्पट केले, तरीही फरक नाही. किती पाणी द्यावे आणि कोणते खत घालावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

केतकीबन: ओकच्या ४०० हून अधिक जाती आहेत. आपण कुठे राहता, जात कोणती आणि झाड केवढे आहे?

शिकागोकर: आमच्या पिन ओकचे हेच झाले होते. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७ च्या बराच वर असेल, तर लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही. मातीत गंधक मिसळा.

केतकीबन: लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तसे दिसते का, हे कळल्याखेरीज गंधक सुचवू नये.

पाऊलवाट: पाने शिरांसकट पिवळी आहेत. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, झाड कोस्ट लाइव्ह ओक या इथल्याच जातीचे असून घराच्याही आधीचे आहे. वसंतात त्याच्याभोवती माती टाकून हिरवळ लावली, पाणी तिच्या स्प्रिंकलरचेच आहे.

बांजवन: मी उत्तराखंडात रानीखेतला वाढलो. तिथले बांज ओक पावसाळाभर भिजतात आणि उत्तम वाढतात, त्यामुळे पाण्याला दोष देणे मला पटत नाही.

केतकीबन: रानीखेतला उन्हाळ्यात पाऊस असतो, कॅलिफोर्नियात तो हिवाळ्यात पडतो आणि तिथले ओक कोरड्या उन्हाळ्याला सरावलेले असतात. ऊबदार, सतत ओल्या मातीत फायटोफ्थोरा आणि आर्मिलेरिया हे मुळे कुजवणारे रोग बळावतात, शिवाय वरच्या भरावामुळे मुळांना हवा मिळत नाही. ताई, खोड जमिनीपाशी रुंद होते, की खांबासारखे सरळ आत जाते?

पाऊलवाट: खांबासारखेच. आत्ता हाताने माती उकरली, तर वीतभर खाली मुळे फाकू लागतात आणि तिथली साल काळपट, ओली आहे.

केतकीबन: मग ती वीतभर माती मुळांना धक्का न लावता काढा आणि बुंधा उघडा राहू द्या. खोडापासून निदान ३ मीटरपर्यंत हिरवळ आणि स्प्रिंकलर नको, खतही आता घालू नका. सालीखाली पांढरा, पंख्यासारखा बुरशीचा थर दिसला, तर वृक्षतज्ज्ञाला लगेच बोलवा. हिवाळा कोरडा गेला, तरच फांद्यांच्या घेराच्या कडेला सावकाश, खोलवर पाणी द्या.

बांजवन: ऋतूचा मुद्दा मान्य आहे. गळलेली पाने मात्र झाडून टाकू नका, बुंध्यापासून थोडी दूर तशीच पसरू द्या. आमच्याकडे बांजाखालची माती त्यामुळेच भुसभुशीत राहते.

पाऊलवाट: स्प्रिंकलर बंद केला आहे. सालीखाली पाहण्यासाठी ती किती खरवडावी?

केतकीबन: आपण खरवडू नका, निरोगी सालीला जखम होईल. ते काम वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घ्या.