पेनिसिलिन: सातव्या दिवशी झोन अर्ध्यावर का येतो?

वणी_मायक्रो:
पेनिसिलियम क्रायसोजीनम ही बुरशी वाढवून पेनिसिलिन काढतोय. २५० मिलीच्या फ्लास्कात १०० मिली मीडियम (बुरशीचं पातळ खाद्य), शेकर १२० आरपीएम. ग्लुकोज ४ टक्के. कॉर्न स्टीप लिकर (मका भिजवलेलं घट्ट पाणी) इकडे मिळत नाही, म्हणून सरकीची ढेप ३ टक्के. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक) १२१ अंशांवर १५ मिनिटं. झोन (पेनिसिलिनमुळे प्लेटवर जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) चौथ्या दिवशी १९ मिमी, सातव्या दिवशी १०. पीएच ८.३. बुरशीचे गोळे साबुदाण्याएवढे. दुपारी खोली ३४ अंश. आधी काय बदलू?

ढेपवाला:
आधी ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकात पाहणं) करा, बाकी सगळं नंतर. ढेपेच्या खड्यात बॅसिलस जिवाणूचे स्पोअर (टणक बीजाणू) १५ मिनिटांत मरत नाहीत. त्यातले काही पेनिसिलिनेज हे एन्झाइम सोडतात आणि तयार झालेलं पेनिसिलिन फोडून टाकतात. ढेप दळा, चाळा, रात्रभर भिजवा आणि ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. साखर वेगळी ऑटोक्लेव्ह करा, नाहीतर मीडियम करपतं.

लॅक्टोज_बरं:
स्टेन स्वच्छ निघाला तर दोष ग्लुकोजचा. ते भरपूर असलं की बुरशी नुसती वाढते, पेनिसिलिनचे जीन दबलेले राहतात. मग साखर संपते, ढेपेतल्या प्रथिनांतून अमोनिया सुटतो, पीएच ८ च्या वर जातो आणि पेनिसिलिन तुटू लागतं. लॅक्टोज ३ टक्के, ग्लुकोज फक्त १, कॅल्शियम कार्बोनेट १ टक्का घ्या. कारखान्यात हेच काम ग्लुकोज थेंबथेंब सोडून करतात. फिनाइलअसेटिक अ‍ॅसिड (पेनिसिलिनच्या रेणूत जाणारा कच्चा माल) पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ला आणून २४ तासांनंतर ०.०५ टक्के द्या. म्हणजे दर १०० मिलीला ५० मिग्रॅ. एकदम जास्त टाकलं तर बुरशीच मरते.

हवा_हवी:
फ्लास्कात ४० मिलीच भरा! १०० मिलीत हवा कुठून जाणार भाऊ? २०० आरपीएम ठेवा. साबुदाण्याएवढे गोळे म्हणजे सुरुवातीला टाकलेले बुरशीचे स्पोअर कमी पडले. गोळ्याच्या गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही. ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं द्रव) मध्ये स्पोअर सुटे करून मोजा, मिलीला १० लाख तरी पडू द्या. तापमान २५-२६. मे महिन्यात कूलर लावाल, पण झोत फ्लास्कच्या कापसाच्या बोळ्यांवर नको: ओला बोळा म्हणजे कंटॅमिनेशन. लोडशेडिंगला शेकर इन्व्हर्टरवर.

वणी_मायक्रो:
स्टेनमध्ये दांडके दिसले, साखळीत, स्पोअरसकट. नवी बॅच लावतो. संत्र्यावरच्या हिरव्या बुरशीचा स्ट्रेन चालेल का?

ढेपवाला:
नाही. ती बहुधा पेनिसिलियम डिजिटॅटम, तिच्यातून पेनिसिलिन निघत नाही. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरियात जो गाजलेला स्ट्रेन मिळाला, तो खरबुजावरचा होता. कल्चर कलेक्शनमधूनच (सूक्ष्मजीवांचे स्ट्रेन जपून देणारी संस्था) मागवा.