भाऊचा धक्का ते रेवस: आधी तिथी बघा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने (प्रवासी बोटीने) अलिबागकडच्या रेवस बंदराला जायचं, तर 'वेळापत्रक पाहून निघालं की झालं' एवढं म्हणणं पुरत नाही. धरमतर खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो. ओहोटीला लाँच रुतते किंवा फेरीच रद्द होते. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता भरती, साधारण सहा तासांनी, म्हणजे 9 ला, सुकती (पूर्ण ओहोटी). अर्धापाऊण तास इकडेतिकडे धराच.

पौर्णिमा-अमावास्येला जास्त जपा. उधाणामुळे ओहोटीही खोल लागते, आणि ती नेमकी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, परतीच्या वेळेला. सात-आठ जणांचा ग्रुप असेल तर त्या दिवशी दुपारी दोनच्या आतच परतीची लाँच धरा.