लवचिक मायक्रोएलईडी प्रोब: आत जाताना वाकतो, सलाइनमध्ये बंद पडतो

नीलकिरण
उंदराच्या मेंदूत घालायचा ऑप्टोजेनेटिक्सचा (पेशी उजेडाने चेतवण्याचा) प्रोब आहे. पॉलिइमाइडची पट्टी: जाडी 20 मायक्रॉन, रुंदी 350 मायक्रॉन, मोकळी लांबी 5 मिलिमीटर. टोकाला 470 नॅनोमीटरचा निळा एलईडी (220 × 270 मायक्रॉन, उंची 50), वरून 5 मायक्रॉन पॅरिलीन-सी (संरक्षक पॉलिमरचं कोटिंग). ऑप्सिन (पेशींत घातलेलं प्रकाशसंवेदी प्रथिन) चॅनलरोडॉप्सिन-2. खोली 3.5 मिलिमीटर.
दोन अडचणी आहेत. आत घालताना पट्टी मधेच कमानीसारखी वाकते. आणि टिकाऊपणा लवकर कळावा म्हणून 87 अंशांच्या फॉस्फेट सलाइनमध्ये ठेवलेले नमुने तिसऱ्या दिवशी बंद पडतात. पट्टी जाड करावी की कोटिंग?

पातळपट्टी
यातलं काहीच जाड करू नका. कोटिंगचं दुसरं कोणीतरी सांगेल, मी पट्टीपुरतं लिहितो.

पॉलिइमाइडचा स्थितिस्थापकता गुणांक अडीच गिगापास्कलच्या आसपास असतो आणि मेंदूच्या ऊतीचा काही किलोपास्कल. म्हणजे पदार्थ म्हणून पॉलिइमाइड काही मऊ नाही, ऊतीपेक्षा लाखो पटींनी ताठ आहे. लवचिकपणा येतो तो जाडीमुळे, कारण वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 20 चे 40 मायक्रॉन केले की तो आठपट होतो आणि पातळ पट्टीचा उद्देशच संपतो.

तुमच्या मापांना ऑयलरचं (दाबाखाली वाकण्याचं) सूत्र लावलं (एक टोक पक्कं, दुसरं टेकलेलं), तर पट्टी साधारण 0.47 मिलिन्यूटनला वाकते. ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) काढल्यावर खालचं पातळ आवरण भेदायलाच मिलिन्यूटनच्या घरातला जोर लागतो, आणि तुमचं टोक एलईडीमुळे बोथट आहे. वाकणारच. मोकळी लांबी निम्मी केली तर ही मर्यादा चौपट होते, पण 3.5 मिलिमीटर खोल जायचं असल्यामुळे ती वाट तुम्हाला बंद आहे. तेव्हा आधाराची तार घ्या.

75 मायक्रॉनची टंगस्टन तार, टोक घासून अणकुचीदार केलेली. ती पट्टीच्या मागच्या बाजूला, एलईडीच्या विरुद्ध अंगाला, पॉलिएथिलीन ग्लायकॉलने चिकटवा. रेणुभार 4000 चं घेतलंत तर ते साठीच्या आत-बाहेर वितळतं, हॉटप्लेट 65 ते 70 अंशांवर पुरते. थर जेमतेम दिसेल इतकाच हवा. तारेचं टोक एलईडीच्या पुढे अर्धा मिलिमीटर ठेवा, म्हणजे वाट तार करते आणि बोथट भाग मागून जातो.

ड्युरा नीट काढा, मग मिनिटाला 1 मिलिमीटरच्या आसपास वेगाने उतरवा. पृष्ठभागाला टेकल्यावर थांबायचं नाही. ओल लागताच ग्लायकॉल आधी फुगतं, मग सुटतं, आणि टोक तारेपासून सोलून निघतं. ठरलेल्या खोलीपेक्षा 100 ते 150 मायक्रॉन खाली जाऊन तेवढंच वर या, दाबली गेलेली ऊत सैल होते. मग कोमट सलाइनचे थेंब देत 10 ते 15 मिनिटं थांबा. पट्टीचा बाहेरचा भाग कवटीला डेंटल सिमेंटने पक्का करा. तारेला सिमेंट लागू देऊ नका, लागलं तर सगळंच वर येईल. तार काढताना सुरुवातीचे 200 मायक्रॉन अगदी सावकाश, आणि नजर सूक्ष्मदर्शीतून पट्टीवर.

गळतीशोधक
87 अंश ही निवडच चुकीची आहे. तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, हा ठोकताळा लावला तर शरीराच्या 37 च्या तुलनेत 87 ला 32 पट, म्हणजे तुमचे 3 दिवस सुमारे 96 दिवसांइतके दिसतात. पण पॅरिलीन-सीचं काचसंक्रमण तापमान याच पट्ट्यात येतं. तिथे थर मऊ पडतो आणि शरीरात कधीच न होणाऱ्या रीतीने बिघडतो. 67 अंशांवर घ्या, आठपट धरा. भांडं झाकून ठेवा, कमी झालेलं पाणी शुद्ध पाण्यानेच भरा, नाहीतर क्षार वाढत जातात. एलईडी चाचणीतही खऱ्या स्पंदांवर चालू ठेवा. बंद एलईडी तगला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

बंद पडलेल्या नमुन्याचा आधी विद्युतदाब-प्रवाह आलेख काढा. प्रवाहच नसेल तर जोड किंवा मार्ग तुटलाय. त्याच प्रवाहाला दाब जास्त लागत असेल तर जोडाचा रोध वाढतोय. 1.5 व्होल्टलाच मायक्रोअँपिअर दिसत असतील, तर पाणी आत शिरलंय, कारण निळ्या एलईडीने तिथे जवळपास काहीच वाहू द्यायला नको. आलेखाआधीच नमुने कापून बघू नका.

बहुतेक वेळा तिसरं निघतं, आणि सगळे पॅरिलीनची जाडी वाढवत बसतात. पाण्याची वाफ पॅरिलीनमधून जातेच, 5 मायक्रॉन असो वा 15. ती आत कुठे साचते हा खरा मुद्दा आहे. जिथे थर चिकटलेला नाही तिथे पाण्याचा पापुद्रा होतो आणि तिथूनच गंज लागतो. एलईडीच्या कडेशी, पॅडभोवती, फ्लक्सच्या (सोल्डरिंगच्या रसायनाच्या) डागाखाली.

म्हणून क्रम असा ठेवा. जोडणीनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, मग शुद्ध पाण्याने. एलईडीखालची पोकळी पातळ इपॉक्सीने भरा. पॉलिइमाइड वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी धरून बसतं, म्हणून 110 ते 120 अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये दोन तास. थोडा वेळ ऑक्सिजन प्लाझ्मा. मग ए-174 सिलेन (थर नीट चिकटवणारं रसायन): सिलेन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी आकारमानाने 1:100:100, ढवळून किमान दोन तास ठेवलेलं. त्यात अर्धा तास बुडवा, हवेत वाळवा, अल्कोहोलने विसळा, पुन्हा भाजा. या टप्प्यापासून हातमोज्यांनीही टोकाला हात नको. पॅरिलीन एकदाच जाड बसवण्यापेक्षा दोन फेऱ्यांत बसवा, एका थरातलं सूक्ष्म छिद्र दुसऱ्यातल्या छिद्रासमोर सहसा येत नाही. अणुथर पद्धतीने (एकेक अणुथर चढवत) 20 ते 50 नॅनोमीटर ॲल्युमिना पॅरिलीनच्या आत देता आला तर उत्तम. मात्र तो उघडा ठेवू नका, पाण्यात हळूहळू विरघळतो. पॅरिलीन त्याच्या वरच हवं.

आता सर्किट. एलईडीचा स्विच जमिनीच्या (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या) बाजूला असेल, तर एलईडी बंद असतानाही ॲनोडचा मार्ग सतत पुरवठ्याच्या दाबावर असतो आणि भोवतालची ऊत जमिनीवर. पाण्याचं विघटन व्हायला 1.23 व्होल्ट पुरतात. म्हणजे प्रयोग चालू नसतानाही गंज चालू. स्विच वरच्या बाजूला घ्या, पी-चॅनल मॉसफेट (ट्रान्झिस्टर) चालेल, आणि विश्रांतीत दोन्ही मार्ग शून्यावर येऊ द्या. 10 हर्ट्झला 5 मिलिसेकंदांचे स्पंद असतील तर दाबाखालचा वेळ विसाव्या हिश्शावर येतो. एका मॉसफेटच्या बदलात इतका फायदा मिळवून देणारं कोटिंग माझ्या माहितीत नाही.

स्पाइकमोजणी
वरच्या दोघांनी उजेडाबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून थोडं.

1 मिलिअँपिअर आणि 2.8 व्होल्ट म्हणजे 2.8 मिलिवॉट. त्यातला दहा-अकरा टक्के उजेड धरला तर 0.3 मिलिवॉट, बाकी अडीच मिलिवॉट उष्णता. 5 टक्के ड्यूटीवर (एलईडी चालू असण्याच्या वेळेचा हिस्सा) सरासरी 0.125 मिलिवॉट. 20 हर्ट्झला 10 मिलिसेकंद केलेत की ड्यूटी 20 टक्के आणि उष्णता 0.5 मिलिवॉट. प्रकाशतंतू (फायबर) वापरला तर दिवा डोक्याबाहेर असतो, इथे तो ऊतीला चिकटून आहे, त्यामुळे स्पंद निवडताना हा हिशोब आधी करा.

एलईडीच्या पृष्ठावर सुमारे 5 मिलिवॉट प्रति चौरस मिलिमीटर मिळतात. चॅनलरोडॉप्सिन-2 ला 1 च्या आसपास लागतो. नुसत्या भूमितीने ही पातळी 270 मायक्रॉनवर येते. ऊतीतलं विकिरण धरलं तर 200 मायक्रॉनच्या आसपास धरा. म्हणजे ऑप्सिनचं जनुक पेशींत नेणाऱ्या विषाणूचं इंजेक्शन आणि एलईडीचं *तोंड* एकाच बाजूला हवं. पट्टी उतरताना पिळली गेली तर सगळं गणित वाया, म्हणून शेवटी छेद घेऊन दिशा तपासा.

ऑप्सिनशिवाय नुसतं चमकणारं प्रथिन दिलेला नियंत्रण गट ठेवा. एखाद्या अंशाच्या तापमानवाढीनेही पेशींचं स्फुरण बदलतं, आणि ते उजेडाचं श्रेय समजलं जातं. शेजारी नोंदणीचे इलेक्ट्रोड असतील तर धातूवर निळा उजेड पडून प्रकाशविद्युत खोटा संकेत येतो. स्पंद चौकोनी न ठेवता चढ-उतार एक-दोन मिलिसेकंदांचा केला की तो बराच उतरतो. मेलेल्या ऊतीत किंवा नुसत्या सलाइनमध्येही तोच आकार दिसला, तर तो स्पाइक (पेशीचा खरा संकेत) नाही.

नीलकिरण
स्विच जमिनीच्या बाजूलाच आहे. आलेख काढला: 1.5 व्होल्टला 40 मायक्रोअँपिअर. वरचा स्विच आणि सिलेनचा क्रम घेतो, चाचणी 67 अंशांवर. एक विचारतो, लाल ऑप्सिनवर गेलो तर उष्णतेचा प्रश्न सुटेल का?

स्पाइकमोजणी
थोडा सुटेल. क्रिमसनआर हे लाल ऑप्सिन 590 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रतिसाद देतं, तिथून पुढच्या लाल पट्ट्यात रक्ताचं शोषण बरंच कमी होतं. उजेड लांब जातो, त्यामुळे तेवढ्याच पेशींसाठी प्रवाह कमी लागतो. लाल एलईडीचा दाबही 2 व्होल्टच्या जवळ असतो. पण त्याचा उजेड तापल्यावर निळ्यापेक्षा लवकर घसरतो, आणि क्रिमसनआर निळ्यालाही प्रतिसाद देतं, म्हणजे त्याच प्राण्यात निळा दुसरा ऑप्सिन जोडायचा बेत असेल तर सरमिसळ होईल. 40 मायक्रोअँपिअरची गळती मात्र ऑप्सिन बदलून जाणार नाही, ती आधी काढा.