किंडलचं खातं भारतातून जर्मनीला हलवताना

बोरू: पुढच्या महिन्यात तीन वर्षांसाठी म्युनिकला मुक्काम हलतोय. अमेझॉन डॉट इनवरून घेतलेली ऐंशीएक ई-पुस्तकं आहेत, निम्मी मराठी. खातं जर्मन दुकानाला जोडलं तर ती जातील का? भावात कितपत फरक पडेल?

दौत_टाक: विकत घेतलेली पुस्तकं जात नाहीत, खात्याबरोबर येतात. जातं ते किंडल अनलिमिटेड, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं वाचायची सोय, कारण ती वर्गणी त्या-त्या देशाच्या दुकानाची असते. आधी ती रद्द करा. गिफ्ट कार्डाची शिल्लकही डॉट इनवरच राहते, तीही वापरून टाका. मग 'मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हायसेस', त्यात 'प्रेफरन्सेस', त्यात 'कंट्री/रीजन सेटिंग्ज'. तिथे म्युनिकचा पत्ता भरा.

पण खातं हलवायची घाई कशाला? हवी असलेली मराठी पुस्तकं निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. नंतर भारतीय कार्ड वापरायचं तर ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, ते चालू ठेवावं लागेल.

पानखूण: भावाचं मूळ हक्कांमध्ये आहे. एकाच इंग्रजी कादंबरीचे भारतातले हक्क एका प्रकाशकाकडे, युरोपातले दुसऱ्याकडे असू शकतात. म्हणून एका दुकानात दिसणारं पुस्तक दुसऱ्यात दिसतच नाही, किंवा दुप्पट भावाने दिसतं.

कर त्यामानाने किरकोळ. जर्मनीत ७ टक्के, दुकानात दिसणाऱ्या किमतीतच धरलेला. भारतात छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नसलेल्यावर १८. (कागदी पुस्तकाला शून्य आणि ई-पुस्तकाला कर, हे मला अजिबात पटत नाही.)

जर्मन पुस्तकांसाठी मात्र दुकानं धुंडाळू नका. तिथे कायद्याने प्रकाशकच किंमत ठरवतो आणि २०१६ पासून ई-पुस्तकंही स्पष्टपणे त्यात आहेत. भाव सगळीकडे एकच. मुख्यतः जर्मनीत विकण्यासाठी नसलेली परभाषेतली पुस्तकं यातून वगळली आहेत.

बोरू: म्हणजे जर्मन पुस्तक कुठल्याही दुकानातून घेऊन किंडलवर वाचता येईल?

दौत_टाक: नाही, इथेच पैसे वाया जातात. तिथली बाकीची दुकानं ईपब या प्रकारच्या फाइल विकतात. विकत घेण्याआधी माहितीत 'कोपियरशुत्स', म्हणजे नक्कल-संरक्षण, ही ओळ वाचा. अॅडोबी डीआरएम (फाइलला लावलेलं डिजिटल कुलूप) असेल तर ती फाइल टोलिनोवर, म्हणजे तिकडच्या ई-रीडरवर चालेल, किंडलवर उघडणार नाही. नुसता 'वासरत्साइखन', म्हणजे डिजिटल जलचिन्ह असेल, तर 'सेंड टू किंडल' या अमेझॉनच्या सोयीने पाठवा. ईपब ते थेट स्वीकारतं.