मारव्याचा षड्ज आणि तबकडीचा वेग
जुनी शास्त्रीय गाणी ऐकणाऱ्यांकडून दोन मुद्दे आले: गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा हा राग सुरुवातीला रेंगाळतो, आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज जुन्या तबकड्यांच्या काही प्रतींत फारच बारीक लागतो.

मारव्यात षड्जाची, म्हणजे सा या मूळ स्वराची, वाट बघत बसू नका. मुक्काम कोमल रिषभावर (रे) आणि शुद्ध धैवतावर (ध). सा मुद्दाम लांबणीवर टाकलेला असतो, आणि तीच तर या रागाची हुरहूर! पंचम (प) वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची पहिली तारही बहुधा निषादात (नी). खाँसाहेबांच्या मारव्याचा ताल झूमरा 14 मात्रांचा, अतिविलंबित, म्हणजे फारच संथ. मात्रा मोजायला गेलात तर हरवाल, नुसती सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पकडा. मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) धैवतापाशी आवाज वाढवू नका, ती जागा हळू ऐकतानाच उलगडते.

दुसरं, बारीक आवाजाचं: 78च्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहीत. 74ला मुद्रित झालेली 78ला वाजवली की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लयही पळते. संगणकावर स्पीडच साधारण 5 टक्के उतरवा; नुसता पिच उतरवलात तर ताना घाईच्याच राहतात. खरखर थोडी राहू द्या. फार पुसली की तानपुऱ्याची आस (रेंगाळणारा नाद) आणि गायकाचा श्वास, दोन्ही जातात.