शयनगृहातील शृंगाराचा कोपरा कसा सजवावा?

प्रश्न: रत्नागिरीतील आमच्या घरी शयनगृहातील खिडकीलगतची भिंत मी केवळ स्वतःसाठी राखली आहे. केस विंचरणे, चेहऱ्याची निगा आणि निजण्यापूर्वीचा निवांतपणा यांसाठी तेथे सुंदर, खासगी कोपरा करायचा आहे. आरसा, प्रकाश आणि कापड यांची निवड कशी करावी?

पहिले उत्तर: आरंभ प्रकाशापासून करावा. छतावरच्या एकाच दिव्यामुळे डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, साधारण ४००० केल्विनचे (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचे माप) आणि ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेले एलईडी दिवे लावावेत, म्हणजे कुंकवाचा आणि लिपस्टिकचा रंग खरा दिसतो. रात्रीसाठी मात्र २७०० केल्विनचा पिवळसर दिवा वेगळ्या बटणावर हवाच.

दुसरे उत्तर: आपादमस्तक दिसण्यासाठी आपल्या उंचीच्या निम्म्या लांबीचा आरसा, योग्य उंचीवर टांगल्यास, पुरतो. कोकणातील दमट हवेत आरशाच्या कडा काळवंडतात, त्यामुळे तो भिंतीला घट्ट चिकटवू नये. मागे हवा खेळू द्यावी. अत्तरे आणि क्रीम खिडकीत ठेवू नयेत, कारण ऊन आणि उष्णता यांमुळे ती लवकर बिघडतात.

तिसरे उत्तर: बांगड्यांसाठी सावंतवाडीची रंगीत लाकडी पेटी घ्यावी, ती कोकणातच मिळते आणि प्लास्टिकच्या खणांपेक्षा कितीतरी देखणी असते. पडद्याला इरकली काठाची जुनी सुती साडी वापरावी, मात्र तिला अस्तर लावावे, कारण दिवा लागल्यावर विरळ कापडातून बाहेरच्यांना आतले दिसते.