वर्कस्टेशन लॅपटॉपच्या स्क्रीनचे नखरे खरेदीदाराने का सोसायचे?

काजवा
माझ्याकडचा १५.६ इंची फोरके वर्कस्टेशन लॅपटॉप (जड व्यावसायिक कामासाठीचा) आता चौथ्या वर्षात आहे. काम फोटो-रिटचिंगचं आणि छपाईआधीच्या तपासणीचं. स्क्रीनवर जे दिसतं त्यावर भरवसा नसेल, तर माझं काम तिथेच थांबतं.

एक पोर्ट्रेट करत होतो. मागे काळोख, चेहऱ्यावर एकाच बाजूने उजेड. बॅटरीवर काम करताना गळ्याखालच्या सावलीत कातडीचा पोत नीट दिसत होता. चार्जर लावला आणि तीच सावली काळी ठिक्कर झाली, पोत गायब. दोन दिवस वाटलं, डोळे थकलेत. कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणं, पुन्हा केलं, काहीच फरक नाही. शेवटी मूळ सापडलं. बॅटरीवर असताना चित्र गडद दिसलं की ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवरचं चित्र हाताळणारं सॉफ्टवेअर) बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, उतरवतो आणि भरपाई म्हणून पिक्सेलच उजळ करून दाखवतो. म्हणजे दोन दिवस मी जी सावली दुरुस्त करत होतो, ती फाइलमध्ये नव्हतीच.

ही सोय पहिल्या दिवसापासून चालू होती आणि माहितीपत्रकात तिचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. अचूक कामासाठी म्हणून विकलेल्या यंत्रात ती बंद करूनच द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

उंबरा
असहमत. दहा वर्षं अशाच यंत्रांवर कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे, करतोय. ही यंत्रं घेणाऱ्यांत माझ्यासारखे खूप आहेत, ज्यांना कॅडसाठी तपासून प्रमाणित केलेले ड्रायव्हर, ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी आणि भरपूर रॅम लागते. सावलीतला पोत आम्ही पाहत नाही, साइटवर बॅटरी अर्धा तास जास्त टिकली तर आमचं काम होतं. शिवाय ती सोय बंद करता येते. रंगाचं अंतिम काम बॅटरीवर करूच नये, हा नियम तर जुनाच आहे.

काजवा
बंद करता येते हे खरं. पण ती आहे हे कळलं तर बंद करणार ना! मला दोन दिवस लागले. तुमची गरज मला मान्य आहे, पण मग विचारा तरी: पहिल्यांदा यंत्र सुरू करताना एक प्रश्न, रंग महत्त्वाचा की बॅटरी?

रेघोटी
माझी तक्रार वेगळी, ओलेडची, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या स्क्रीनची. काळा रंग सुरेख, कॉन्ट्रास्ट अप्रतिम, आणि संध्याकाळी ब्राइटनेस कमी केला की तासाभरात कपाळ ठणकतं. कारण पीडब्ल्यूएम. असे बरेच पॅनेल कमी ब्राइटनेसला प्रकाश मंद करत नाहीत, सेकंदाला साधारण २४० वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींना त्रास होतो.

घरीच तपासता येतं. खोलीत अंधार करा, स्क्रीनवर पांढरं पान ठेवा, ब्राइटनेस उतरवा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या, तर स्क्रीन लुकलुकते आहे. माझ्या यंत्रावर मी सात मोजल्या.

उंबरा
हा मुद्दा बिनशर्त मान्य. हा सवयीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरने स्क्रीनवर काळी छटा चढवून वेळ मारून नेता येते, पण त्यात छटांच्या पायऱ्या कमी होतात. काजवांच्या कामाला ते चालायचं नाही.

पण प्रत्येक गोष्ट दोष ठरवू नका. ‘स्क्रीन लाल भडक दाखवते’ ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे! पॅनेल पी३चं (जास्त भडक रंग दाखवू शकणारं), चित्र एसआरजीबीचं (नेहमीच्या, मर्यादित रंगांचं), आणि अॅप चित्राचं प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची नोंद, वाचतच नाही. यात पॅनेलचा काय गुन्हा?

टेकू
एका स्टुडिओसाठी यंत्रं खरेदी करणं हे माझं काम आहे, म्हणून कागदावरचं सांगतो. नव्या यंत्रात एक ठिपका सतत उजळ दिसत होता. बदलून मागितलं तर उत्तर आलं, ‘मर्यादेत आहे’. आयएसओ ९२४१-३०७ या स्क्रीनच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्ग २ मध्ये दर दहा लाख पिक्सेलमागे कायम उजळ २ आणि कायम काळे २ चालतात. फोरकेमध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल. हिशेब करा, १६ उजळ ठिपके असले तरी पॅनेल नियमात बसतं! पॅनेल जितकं बारीक, तितकी दोषांना सूट मोठी. तेव्हापासून पॅनेल कुठल्या वर्गाचं आहे, हे ऑर्डर देण्याआधी लेखी घेतो.

‘१०७ कोटी रंग’ लिहिलेलं असलं तरीही विचारा: पॅनेल खरं १० बिटचं आहे, की ८ बिटवर (त्यात छटा कमी) डिथरिंग करून, म्हणजे जवळच्या छटा मिसळून मधली छटा भासवून, दाखवलेलं?

उंबरा
लेखी घेणं उत्तम. मी म्हणतो तेही हेच. घेणाऱ्याने विचारावं.

काजवा
आणि मी म्हणतो, विकणाऱ्याने न विचारता सांगावं. इथे आपलं जुळणार नाही, उंबरा.

रेघोटी
जाता जाता एक शंका. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला जोडला की पंखे सुरू होतात, नुसता मजकूर उघडा असला तरी. कुणाला अनुभव?

उंबरा
हो. अनेक यंत्रांत ते पोर्ट थेट मोठ्या जीपीयूला (वेगळ्या ग्राफिक्स चिपला) जोडलेलं असतं. मॉनिटर लागला की तो जीपीयू झोपत नाही. टाइप-सी पोर्टातून जोडून पाहा, काही मॉडेलांत ते अंगच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या ग्राफिक्सवर चालतं. मात्र त्याच केबलने चार्जिंगही करणार असाल, तर वॅट बघा. यूएसबी-सीची मर्यादा २०२१ पर्यंत १०० वॅट होती. त्यानंतर २४० वॅटचं मानक आलं, पण जुनी यंत्रं आणि डॉक (एकाच केबलने सगळं जोडणारे डबे) १०० वॅटवरच आहेत. सोबतचा अडॅप्टर २३० वॅटचा असलेलं यंत्र १०० वॅटवर रेंडर करायला लावलं, तर वेग पडतो आणि प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरते.

रेघोटी
टाइप-सीतून जोडला. पंखे थांबले. पाच मिनिटं झाली, अजून शांत आहे.